रसवंतीचा चरक आणि पहिल्या वर्षाचं मेकॅनिकल

सांगली-मिरज रस्त्यावर उन्हाळ्यात रसवंत्या लागल्या, की चरकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज लांबूनच येतो. पॉलिटेक्निकला मेकॅनिकल घेतलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना मी दरवर्षी अशा एखाद्या रसवंतीवर घेऊन जातो. रस प्यायच्या आधी एकच प्रश्न विचारतो. खालची मोटर मिनिटाला १४४० फेरे मारते आणि उसाचे रोल मिनिटाला जेमतेम पंधरा. मधले चौदाशे पंचवीस फेरे गेले कुठे?

‘गिअरमुळे कमी झाले,’ असं बहुतेक जण सांगतात. मग ते वाया गेले का? इथे सगळे गप्प होतात. कारण शाळेत गिअरचं चित्र काढलेलं असतं, दातांची संख्या भागायचं सूत्र पाठ असतं, पण त्या फेऱ्यांच्या बदल्यात काही मिळालं का, हे कुणी विचारलेलं नसतं.

या प्रश्नाचं उत्तर नीट कळलं तर पहिल्या वर्षाचा निम्मा अभ्यासक्रम हाताशी येतो, असं माझं मत आहे. पुस्तकांत मेकॅनिक्स वेगळं, मटेरियल वेगळं, थर्मोडायनॅमिक्स वेगळं. यंत्रात मात्र हे सगळं एकाच ठिकाणी एकाच वेळी चाललेलं असतं. म्हणून आज उसाच्याच मागे मागे जाऊ.

बैलजोडी आणि मोटर

वीज येण्याआधी गुऱ्हाळावरचा चरक बैल फिरवायचे. मधे उभे रोल, वर आडवी लांब दांडी आणि दांडीच्या टोकाला जुंपलेली जोडी. बैल गोल गोल चालत राहायचे. आपण धरून चालू की जोडी १०० किलोच्या ताकदीने ओढते आहे, दांडी ३ मीटर लांब आहे आणि बैलांची चाल सेकंदाला ७० सेंटिमीटर आहे.

बळ मोजायचं एकक न्यूटन. एक किलोचं वजन तळहातावर ठेवलं, की ते हाताला ९.८ न्यूटनने खाली दाबतं. म्हणजे १०० किलोची ओढ झाली ९८० न्यूटन. ही ओढ मध्यापासून ३ मीटरवर लागते, म्हणून ९८० गुणिले ३, म्हणजे २९४० न्यूटन-मीटर इतका पीळ रोलच्या शाफ्टला, म्हणजे मधल्या दांड्याला, मिळतो. पुस्तकात याला टॉर्क म्हणतात. मला ‘पीळ’ म्हणायला आवडतं, कारण ओला टॉवेल पिळताना मनगटाला जे जाणवतं तेच हे.

आता बैल दर सेकंदाला किती काम करतात? बळ गुणिले चाल. ९८० गुणिले ०.७, म्हणजे ६८६ वॉट. वाफेची इंजिनं विकताना गिऱ्हाइकाला घोड्यांच्या हिशेबात समजावं म्हणून जेम्स वॉटने अठराव्या शतकात हॉर्सपॉवर हे माप ठरवलं. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. आपली बैलजोडी त्याच्या जरा खाली आहे, म्हणजे रसवंतीतल्या एक हॉर्सपॉवरच्या मोटरइतकंच काम ती करत होती.

पण मोटरच्या शाफ्टवरचा पीळ काढून बघा. ७४६ वॉट आणि १४४० फेरे असा हिशेब केला तर उत्तर येतं जेमतेम ५ न्यूटन-मीटर. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दोन किलोचं वजन टांगल्यावर नटला जेवढा पीळ बसतो, तेवढाच. एवढ्याने ऊस सोडा, ज्वारीचं धाटही नीट पिळलं जाणार नाही. बैलांकडे पीळ २९४० आणि फेरे मिनिटाला सव्वादोन. मोटरकडे पीळ ५ आणि फेरे १४४०. काम करण्याचा दर दोघांचा जवळपास सारखा. पॉवर म्हणजे पीळ आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार. गुणाकार तोच ठेवून एक वाढवलं की दुसरं कमी होतं.

रसवंतीच्या खालच्या बाजूला डोकावलं की ही अदलाबदल डोळ्यांनी दिसते. मोटरवर तीन इंचाची पुली आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला अठरा इंचाची असेल, तर तिथे फेरे सहापट कमी होतात. पुढे १५ दातांचा गिअर ६० दातांच्या गिअरला फिरवतो, चारपट कमी. आणखी एक तशीच जोडी, पुन्हा चारपट. सहा गुणिले चार गुणिले चार, म्हणजे ९६. आणि १४४० भागिले ९६ म्हणजे पंधरा. पीळ तेवढ्याच पटीने वाढून ४७५ न्यूटन-मीटर होतो. प्रत्यक्षात पट्टा, दात आणि बेअरिंग थोडी थोडी ऊर्जा खातात आणि गरम होतात, म्हणून रोलपर्यंत चारशेच्या आसपास पोचतात असं समजा. रोलची त्रिज्या ५ सेंटिमीटर असेल तर रोलच्या पृष्ठभागावर बळ होतं ८००० न्यूटन, म्हणजे आठशे किलोचं. आता कळेल की एवढ्याशा मोटरपुढे ऊस चपटा का होतो.

ते चौदाशे पंचवीस फेरे देऊन पीळ विकत घेतला. खंबाटकी घाटात भरलेला ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रडत रडत चढतो तेव्हा ड्रायव्हर हाच सौदा करत असतो.

मोबदल्याशिवाय ऊर्जा कुठेच जात नाही, हे उतारावर जास्त नीट कळतं. पाचगणीहून वाईला पसरणी घाटाने उतरताना गाडी पाचशे मीटरहून जास्त खाली येते. बारा टनांची एसटी धरा. वजन गुणिले उंची केलं तर ५०० मीटरला साधारण ५८८ लाख ज्यूल होतात. एवढ्या उष्णतेत दोनशे लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत येईल. ही सगळी उष्णता ब्रेकच्या ड्रमवर पडली तर लायनर जळतील, ब्रेक लागायचे बंद होतील. म्हणून जाणता ड्रायव्हर खालचा गिअर टाकून इंजिनालाच गाडी अडवायला लावतो आणि ब्रेक अधूनमधून दाबतो.

ऊर्जा साठवूनही ठेवता येते. कडबा कुट्टीच्या यंत्राला ते जड चाक उगाच नसतं. पातं कडब्यात शिरतं तेव्हा क्षणभर खूप ताकद लागते आणि मधल्या वेळात काहीच लागत नाही. चाक रिकाम्या वेळात ऊर्जा जमवतं आणि कापायच्या क्षणी देऊन टाकतं. कुंडलजवळच्या माळावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा तिथे लोखंडी नांगरांबरोबर कडबा कापायची यंत्रंही बनत होती. आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने फ्लायव्हील हा शब्द ऐकण्याच्या कितीतरी आधी फ्लायव्हील हाताने फिरवलेलं आहे. मात्र एक लक्षात ठेवा: चाकातली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट. वीज बंद केल्यावरही ते चाक बोट तोडण्याइतकं जिवंत असतं. पूर्ण थांबल्याशिवाय हात घालू नका. हे मी वर्कशॉपमध्ये दर आठवड्याला सांगतो आणि सांगत राहणार.

घर्षण

शाळेतून मुलं घर्षण म्हणजे शत्रू असं शिकून येतात. चरकापाशी उभं राहिलं की मत बदलावं लागतं.

रोल ऊस आत ओढतात ते घर्षणावर. दहा सेंटिमीटर व्यासाचे दोन गुळगुळीत रोल आणि त्यांच्यात ५ मिलीमीटरची फट आहे असं धरा. तीन सेंटिमीटर जाडीचा ऊस जिथे रोलला टेकतो तिथे रोल त्याला दोन प्रकारे ढकलतात. दाब उसाला बाहेर लोटतो आणि घर्षण आत ओढतं. भूमितीने कोन काढला तर तो ४१ अंशांच्या आसपास येतो, आणि ऊस आपोआप आत जायला घर्षणाचा गुणांक ०.८८ च्या वर असावा लागतो. ओल्या उसावर गुळगुळीत लोखंडाला हे जमत नाही, ऊस जागच्या जागी घसरेल. म्हणूनच रोलवर खाचा पाडलेल्या असतात. आणि म्हणूनच तीन रोलच्या चरकात पहिली फट मोठी, दुसरी बारीक ठेवतात. पहिल्या फटीत ऊस फक्त पकडायचा आणि चेपायचा, खरा पिळायचा तो दुसऱ्या फटीत.

मोटरचा पट्टाही घर्षणावरच चालतो. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचेत तो पाचरीसारखा रुतून बसतो, त्यामुळे तेवढ्याच ताणात त्याची पकड सपाट पट्ट्यापेक्षा कितीतरी जास्त. गाठीचा ऊस अडकला आणि रोल थांबले तर पट्टा थोडा घसरतो आणि मोटर वाचते. हे घसरणं उपयोगाचं आहे. घुंगरांकडे कान द्या. बारीक ऊस असला की ताल एकसारखा. जाड ऊस घातला की ताल किंचित मंदावतो, कारण लोड वाढला की मोटर जरा हळू फिरते आणि जास्त करंट ओढते. रसवंतीवाल्या काकांना फेरे मोजायला टॅकोमीटर लागत नाही.

घर्षण नको असतं ते शाफ्ट ज्यावर टेकून फिरतो त्या बुशमध्ये. तिथे तेल घालतात. फिरणारा शाफ्ट तेलाला स्वतःखाली ओढून घेतो आणि वेग पुरेसा असेल तर केसापेक्षाही पातळ अशा तेलाच्या थरावर अक्षरशः तरंगतो. धातू धातूला लागतच नाही. चरकासारख्या संथ यंत्रात हा थर नीट तयार होत नाही, म्हणून तिथे घट्ट ग्रीस आणि गनमेटलचा मऊ बुश. बुश मुद्दाम मऊ ठेवतात, म्हणजे झिजायचं तर तो झिजेल. बुश बदलणं स्वस्त, शाफ्ट बदलणं महाग.

शाफ्ट का तुटला

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका लहानशा वर्कशॉपमध्ये होतो. गुऱ्हाळाच्या चरकाचा तुटलेला शाफ्ट दुरुस्तीला आला. मी त्याच मापाचा, पण जरा भारी स्टीलचा शाफ्ट करून दिला. हंगाम संपायच्या आत तोही तुटला, आणि नेमका त्याच जागी. त्या शेतकऱ्याचा ऊस वाळत पडला होता आणि कारण मला कळत नव्हतं. ते अजून माझ्या मनात आहे.

कारण समजून घ्यायला आधी दोन साध्या गोष्टी.

कुठल्याही भागावर किती बळ येतं हे काढायचं असेल तर तो भाग बाकीच्यापासून सोडवून एकटा काढा आणि त्याला जिथे जिथे कुणी हात लावतं तिथे बाण दाखवा. याला फ्री बॉडी डायग्राम म्हणतात. वरून गिअर ढकलतो, खालून बुश आधार देतो, मधे ऊस रोलला वर लोटतो. मुलं हे चित्र टाळतात आणि थेट सूत्राकडे धावतात. माझ्या अनुभवात परीक्षेतल्या बहुतेक चुका या न काढलेल्या चित्रातूनच येतात.

दुसरी गोष्ट स्ट्रेस. बळ किती, यापेक्षा ते किती जागेवर वाटलं गेलं हे महत्त्वाचं. साधं माइल्ड स्टील एका चौरस मिलीमीटरला साधारण २५० न्यूटन, म्हणजे पंचवीस किलो ओढ सहन करतं. त्यापुढे ते कायमचं ताणलं जातं. बांधकामावरची १२ मिलीमीटरची सळई घ्या. क्षेत्रफळ ११३ चौरस मिलीमीटर, म्हणजे माइल्ड स्टीलची असेल तर ती सुमारे २८०० किलो तोलेल. आणि तेवढं वजन टांगल्यावर एक मीटर सळई लांबेल फक्त सव्वा मिलीमीटर, वजन काढलं की परत मूळ जागी. डोळ्याला न दिसणारं हे ताणणं सगळ्या यंत्रांत सतत चाललेलं असतं.

पिळाला तोंड द्यायचं असेल तर व्यास फार मोलाचा. शाफ्टची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. ४० मिलीमीटरचा शाफ्ट ५० चा केला तर ताकद जवळजवळ दुप्पट होते. मध्यभागाचं लोखंड मात्र जवळपास बसून असतं. म्हणून गाड्यांचे लांब शाफ्ट पोकळ करतात.

हे सगळं हिशेबात बसत होतं. माझा शाफ्ट आकड्यांनुसार पुरेसा मजबूत होता. तरी तुटला, कारण तो फिरत होता.

रोल वर लोटले जातात तेव्हा शाफ्ट किंचित वाकतो. वाकलेल्या शाफ्टची एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते. अर्ध्या फेऱ्यात ताणलेली बाजू दाबाखाली येते, उरलेल्या अर्ध्यात पुन्हा ताणली जाते. मिनिटाला पंधरा फेरे, दिवसाला सोळा तास, शंभर दिवसांचा हंगाम: चौदा लाखांहून जास्त वेळा उलटसुलट. लोखंडी तार हाताने तोडायची असते तेव्हा आपण काय करतो? ओढत नाही, इकडून तिकडे वाकवत राहतो. याला फटीग म्हणतात, धातूचा थकवा. पॅरिसजवळ १८४२ मध्ये रेल्वे इंजिनाचा ॲक्सल तुटून मोठा अपघात झाला आणि असे ॲक्सल का तुटतात यावर युरोपात विचार सुरू झाला. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्योलरने वर्षानुवर्षं ॲक्सल फिरवून, तोडून बघितले. एका ओढीत जे बळ काहीच बिघडवत नाही, तेच लाखो वेळा उलटसुलट लागलं तर तोडतं, हे त्याने आकड्यांनी दाखवलं.

थकव्याची भेग कुठून सुरू होते? आमच्या वर्कशॉपमधल्या म्हाताऱ्या टर्नर मामांनी तुटलेला शाफ्ट माझ्या हातात दिला आणि तुटलेल्या तोंडावरून बोट फिरवायला सांगितलं. एका कडेला गुळगुळीत भाग होता, त्यावर समुद्राच्या वाळूवर उठतात तशा वळ्या. उरलेला भाग खडबडीत. भेग दिवसेंदिवस थोडी थोडी पुढे सरकली होती. उरलेलं लोखंड अपुरं पडलं तेव्हा ते एका क्षणात तुटलं. भेग सुरू झाली होती त्या कोपऱ्यात, जिथे शाफ्टचा व्यास बदलत होता. मी तिथे टूलने धारदार काटकोन सोडला होता. नाल्याचं पाणी अरुंद वळणावर जसं जोरात येतं तसं धारदार कोपऱ्यात बळ एकवटतं. मामांनी तिथे तीन मिलीमीटरचा गोल देऊन पॉलिश केला, स्टील साधंच वापरलं, आणि तो शाफ्ट टिकला.

तेव्हापासून ड्रॉइंगवर कोपऱ्याची त्रिज्या लिहिलेली नसेल तर मी ते ड्रॉइंग परत करतो, मग मूल कितीही रडवेलं होवो.

सूत आणि मायक्रोमीटर

आपल्याकडचे जुने कारागीर सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलीमीटरच्या थोडं वर. दरवाज्याला सूतभर फट चालते. बेअरिंगला मिलीमीटरचा शंभरावा भागही जास्त होतो. म्हणून व्हर्निअर आणि मायक्रोमीटर. भोकात शाफ्ट सैल बसवायचा का घट्ट, आणि किती, हे आधी ठरवून दोन्हींना मर्यादा द्यायच्या. त्यामुळेच मिरजेच्या दुकानातून आणलेलं बेअरिंग कऱ्हाडच्या यंत्रात न घासता बसतं.

घट्ट बसवायची एक युक्ती तुमच्या आजोबांनी पाहिलेली असेल. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना ती आधी गोवऱ्यांच्या जाळात तापवायचे. लोखंड तापलं की फुगतं. दीड मीटर व्यासाची धाव पाचशे अंशांनी तापली तर तिचा व्यास साधारण नऊ मिलीमीटरने वाढतो. तशीच चाकावर ठोकायची आणि पाणी ओतायचं. आकसली की चाक करकचून आवळलं जातं. आज वर्कशॉपमध्ये बेअरिंग तापवून शाफ्टवर सरकवतात ते याच युक्तीने.

लोहाराने कोयत्याला पाणी पाजणं हेही मटेरियल सायन्सच आहे. लालभडक पातं पाण्यात बुडवलं की स्टील कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून ते पुन्हा हलकं तापवतात आणि पृष्ठभागावर चढणारा रंग बघतात. पिवळसर रंगावर थांबलं तर धार टिकते, निळ्यापर्यंत जाऊ दिलं तर चिवटपणा येतो, स्प्रिंगला लागतो तसा.

काहील आणि कारखाना

चरकातून रस निघाला. गूळ करायचा तर शंभर किलो रसातलं ऐंशीएक किलो पाणी उडवावं लागतं. पाणी तापवणं स्वस्त, उडवणं महाग. एक किलो पाणी ३० अंशांवरून १०० वर न्यायला २९३ किलोज्यूल लागतात, आणि त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला २२५७. जवळजवळ आठपट. गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं घालणारा माणूस दिवसभर का राबतो याचं उत्तर या एका आकड्यात आहे. आणि ती सगळी वाफ काहिलीतून आकाशात जाते.

साखर कारखान्यात तसं करत नाहीत. तिथे बंद भांड्यांची रांग असते. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्या भांड्यातला रस उकळायला वापरतात, दुसऱ्याची तिसऱ्याला. पण शंभर अंशांची वाफ शंभर अंशांवर उकळणारा रस कसा उकळवील? उष्णता गरमाकडून गाराकडेच जाते. म्हणून पुढच्या प्रत्येक भांड्यात हवेचा दाब कमी ठेवतात. दाब कमी की पाणी कमी तापमानाला उकळतं. महाबळेश्वरला चहा उकळायला लागतो तेव्हा तापमान सांगलीपेक्षा दोन-तीन अंशांनी कमी असतं, त्याच कारणाने. ही रांग नॉर्बर्ट रिलियूने अमेरिकेत, लुइझियानातल्या उसाच्या मुलखात बसवली आणि १८४३ मध्ये तिचं पेटंट घेतलं. एकाच उष्णतेकडून तीन-चारदा काम करून घेणारी याहून सुंदर कल्पना मला माहीत नाही.

कारखान्यात ही वाफ येते कुठून? शंभर किलो उसातून तीसएक किलो चिपाड निघतं, कारखान्यात त्याला बगॅस म्हणतात. तोच बॉयलरमध्ये जळतो. जास्त दाबाची वाफ आधी टर्बाइन फिरवते, वीज तयार होते, आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ रस उकळायला जाते.

इथे विद्यार्थी विचारतात, आणि विचारायलाच हवं: सगळ्या उष्णतेची वीज का करत नाहीत? करता येत नाही. १८२४ मध्ये सादी कार्नो नावाच्या तरुण फ्रेंच इंजिनिअरने दाखवलं की उष्णतेतून काम काढायचं तर ती गरम जागेकडून थंड जागेकडे वाहावी लागते, आणि थोडा वाटा थंड जागेला द्यावाच लागतो. धरणाचं पाणी खाली पडल्याशिवाय टर्बाइन फिरत नाही तसंच. वाफ ५०० अंशांची आणि बाहेर टाकायची जागा ४० अंशांची असेल, तर तापमानं केल्व्हिनमध्ये ७७३ आणि ३१३. परिपूर्ण यंत्रालाही ५९.५ टक्क्यांच्या वर जाता येत नाही, खऱ्या यंत्राची मजल त्याच्या बरीच अलीकडे थांबते. वीजनिर्मिती केंद्र उरलेली उष्णता नदीत किंवा हवेत सोडून देतं. साखर कारखान्याला नेमकी तीच हवी असते.

विहिरीवरचा पंप

ऊस उभा राहतो पाण्यावर, म्हणून शेवटी पंप.

पंप पाणी ‘ओढतो’ असं आपण म्हणतो. खरं तर पंप नळीतला दाब फक्त कमी करतो. विहिरीतल्या पाण्यावर हवेचा भार असतो, तो पाण्याला नळीत वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा भार पाण्याच्या १०.३ मीटर उंच खांबाइतका. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच, म्हणून इथे पावणेदहा मीटरच्या जवळ. नळीतलं घर्षण आणि इतर तोटे धरले की प्रत्यक्षात सहा-सात मीटरच हाती लागतात. त्याहून उंच बसवला तर कितीही हॉर्सपॉवरची मोटर लावा, पाणी येणार नाही. आत दाब इतका घटतो की पाण्याचे बुडबुडे होतात, ते इंपेलरवर, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकावर, फुटतात आणि धातू खरवडून काढतात. पंपात खडे भरल्यासारखा आवाज आला तर हेच चाललंय समजा.

म्हणून कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला पंप पाण्याच्या जवळ ठेवावा लागतो, आणि पावसाळ्यात नदी फुगली की रात्री-अपरात्री मोटरी वर ओढून न्याव्या लागतात. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात पाणी इतक्या झपाट्याने चढलं, की अनेकांना तेवढाही वेळ मिळाला नाही. सबमर्सिबल पंपाला ही अडचण नाही. तो पाण्यातच बसतो आणि पाणी वर ढकलतो. ढकलायला हवेच्या भाराची मर्यादा नसते.

म्हैसाळ, ताकारी, टेंभू या उपसा योजना असंच ढकलत, टप्प्याटप्प्याने कृष्णेचं पाणी जत, कवठेमहांकाळ, खानापूर, आटपाडीच्या माळांकडे चढवतात. एक एकरावर दोन इंच पाणी म्हणजे सुमारे दोन लाख लिटर. ते १०० मीटर उचलायला नुसत्या वजनाच्या हिशेबाने ५५ युनिट वीज लागते, आणि पंप-मोटरचे तोटे धरले तर पंचाहत्तरच्या आसपास.

तुमच्या घरी विहिरीवर मोटर असेल तर पुढच्या तासाला तिच्या नेमप्लेटवरचे आकडे वहीत उतरवून आणा: हेड (पंप पाणी किती उंच चढवतो ते) मीटरमध्ये, पाणी लिटर प्रति सेकंद, मोटर किलोवॉटमध्ये. हेड गुणिले पाणी गुणिले ९.८ केलं की पाण्याला दर सेकंदाला मिळणारी ऊर्जा वॉटमध्ये येते. तिला मोटरच्या वॉटनी भागा. उत्तर अर्धा-पाऊण आलं तर ठीक. एकापेक्षा जास्त आलं तर आधी स्वतःचं गणित तपासा, आणि ते बरोबर निघालं तर त्या पाटीचा फोटो काढून मला आणून दाखवा.